आंधण येईपर्यंत

रविवार, २९ सप्टेंबर १९५७

रंभे,

सगळ्यात आधी आली ते गुणाबाई. तिच्याआधी आपल्या गावात कोणतीच गोष्ट येत नाई, तुले ठाऊकच आहे. मी काटवलं चिरून राह्यली होती. ती फाटकातूनच ओरडली, "मनकर्णाबाई, अव उठा! मोटारीच्या वाटेनं तुमचं नाक येऊन राह्यलं!"

मी म्हणलं, बाईले ऊन लागलं. माझं नाक त माझ्या तोंडावर आहे.

"एक मानूस हाय, उंचपुरा, खाकी कपड्यातला. अन् त्याच्या संगं पोट्टी हाय. तिच्या तोंडावर तुमचंच नाक, रंभाचं होतं तसं. जरासं वाकडं."

वाकडं नाई आहे ते. पण असो. गुणाबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला, ती सगळ्यायलेच वाकडं म्हणते.

हातातलं काटवल हातातच राह्यलं, अन् फाटकात तुझी सोमारी उभी राह्यली. दोन्ही हात कंबरेवर. घराकडे असं पाहून राह्यली होती जसं काही विकत घ्याले आली. मले म्हणते, "तुम्हीच का आजी? माय म्हणते तुम्ही लई लहान आहा. एवढ्या काई लहान नाई."

तू तिले माझं सांगतं त मग. काय सांगतं ते नाई विचारलं मी.

नवऱ्यावर रागावू नको बाई. लालसूच्या मनात काही नव्हतं. त्याले कुरखेड्याच्या लाकडाच्या डेपोत तीन दिवसांचं काम निंगालं, शाळेले दसऱ्याची सुट्टी, म्हणून पोट्टीले संगं आणलं. ते तुलेही ठाऊक आहे. पुढचं नाई ठाऊक. कुरखेड्याले मोटारीतून उतरल्याबरोबर सोमारीनं इचारलं, "बाबा, आजीचं गाव इथून किती?" तो म्हणे, दोन कोस. हे ऐकून पोट्टी चालालेच लागली. बाप मागून धावला. अकरा वर्साची पोर, अन् तिले एवढंही वाटलं नाई की थांबावं, कोणाले इचारावं. ते माझं नाक घेऊन आली, बाकी काही घेतलं नाई, बरं केलं.

लालसू फाटकाच्या आत आला नाई. जांबाच्या झाडाखाली उभा राह्यला. बारा वर्सांआधी तुझी वाट पाहत उभा होता ना, त्याच जागी. पायातल्या चपला तशाच. म्हणे, "आम्ही इथंच बसतो बाई. पोरीनं घर पाह्यलं, झालं."

आता खरं लिहिते. माझा हात डबीकडे गेला.

देवाच्या फळीवरची पितळी डबी तुले आठवतच असेल. माझ्या सासूनं मले दिली होती. तिच्यातले चिमूटभर तांदूळ घ्याचे अन् दोन-दोन करून मोजाचे. जोडीनं संपले त हो. एक उरला त नाई. धानाचे पऱ्हे कधी टाकाचे, लुगडं हिरवं घ्याचं का निळं, पाहुण्यायले आज ठेवाचं का उद्या वाटे लावाचं, सारं मी त्या डबीलेच इचारलं. डबी हाताशी नसली की मी म्हणे, पाहू. गावानं मले पाहूबाई नाव ठेवलं ते काही उगाच नाई.

तू लालसूसंगं आली त्या दिवशी दारात उभी राहून म्हणली होती, "माय, एक शब्द बोल, घरात येऊ का नाई." तवाही मी आत मोजालेच गेली होती. एक दाणा उरला. तीनदा मोजले. बाहेर आली त तुम्ही दोघं नव्हते. तू थांबली नाई. तुझे बाबा रागात होते, मी काय करू? जाऊ दे, जुनं आहे.

यावेळी डबी उघडतच होती त पोट्टी मागून आली. "आजी, भूक लागली." मग हातातल्या डबीत वाकून पाहते. "एवढ्याशा तांदळानं कोणाचं पोट भरते?"

चुलीवर माझ्या एकटीपुरतं आंधण ठेवलं होतं. पाणी खळखळून राह्यलं होतं. अन् रंभे, मी काय केलं मलेच समजलं नाई, डबी उपडी केली अन् सारे दाणे त्या आंधणात टाकले. न मोजता. मले हसू आलं. इतकं आलं की सोमारी घाबरली. मग कोठीतून तीन मुठी तांदूळ आणखी घेतले, पाणी वाढवलं, अन् ओसरीवर येऊन मोठ्यानं म्हणलं, "जावईबापू, पाय धुवा. आंधण आलं आहे."

जावईबापू म्हणलं मी. साऱ्या गल्लीनं ऐकलं. गुणाबाईनं त दोनदा ऐकलं असेल.

तुझा नवरा चपला काढाले वाकला अन् किती वेळ वाकूनच होता. चपलेचा पट्टा काही एवढा कठीण नसते.

जेवणाचं मग लिहीन. काटवलाची भाजी अन् लाखोळीची डाळ त्याले आवडली, दोनदा घेतली, एवढं सांगते. तीन दिवस तो इथूनच डेपोत जाऊन आला. आज सकाळी दोघं निंगाले. जातानी तीन पाकिटं ठेवून गेला, तिन्हीवर आलापल्लीचा पत्ता लिहिलेला, तिकिटं लावलेली. "तुमच्या मनाले येईल तवा लिहा." मी दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, पण माझंच आहे. पहिलं पाकीट आजच खर्ची घालून राह्यली. उद्यावर नाई ठेवलं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिले दोघंही येतो म्हणले. तू?

तुझी माय

बुधवार, ९ ऑक्टोबर १९५७

रंभे,

दसरा झाला. तुझं उत्तर नाई. मी काही वाट पाहून नाई राह्यली. पोस्टमन गल्लीत आला की मी झाडू घेऊन अंगणात जाते, ते अंगण घाण होते म्हणून. गुणाबाई काही वेगळं सांगत असेल त तिचं ऐकू नको.

तुले वाटन, माय एका दिवसात बदलली कशी? एका दिवसात नाई बाई. तीन वर्सं झाली.

तुझे बाबा गेले तवा तुले सांगावा धाडाचा का नाई, हे मी पाहत बसली. माणूस पाठवू का तार करू. तू येशीन का नाई येशीन. आली त तुझे मोठे काका काय म्हणतीन. पाहता पाहता तेरवी झाली. तुले दुसऱ्याकडून कळलं. हे मी आजवर कोणाजवळ बोलली नाई, पहिल्यांदा लिहिते.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सगळे पाहुणे गेले. मी चुलीवर आंधण ठेवलं अन् उभी राह्यली. एकटीपुरतं टाकू का दोघांपुरतं? उद्याचं आजच शिजवू का? कोणी येईल का? अशी उभी होती त पाणी आटलं, भगोणं लाल झालं अन् बुडाले भोक पडलं. भोकातून विस्तव दिसे. मी त्या भोकाकडे पाह्यलं अन् म्हणलं, मनकर्णे, तुझं सारं असंच गेलं.

मग मी आपल्या मनाशी एक केलं. काही ठरवाचं असलं की चुलीवर आंधण ठेवाचं. ते येईपर्यंत पाहाचं त पाहाचं. एकदा का पाणी उकळलं, तांदूळ टाकाचे अन् तोंडातून शब्द काढाचा. त्याच्यापुढे नाई. डबी फळीवर राह्यलीच, मोठ्या गोष्टीसाठी म्हणून, पण बारीकसारीक मी आंधणावर करू लागली. आधी भाजी कोणती एवढंच. मग लुगडं. तुले सांगते, बाजारात गेल्यावर पहिल्या दुकानातून हिरवं लुगडं घेऊन मी परत आली तवा दुकानदार बशीरभाई म्हणे, "बाई, तब्येत ठीक हाय ना?"

चुकते कधी कधी. खैरी गाय म्हातारी झाली म्हणून मी आंधण येता येता देऊन टाकली. आता ते दुसऱ्याच्या घरी दोन्ही वेळ लोटा भरून दूध देते. गुणाबाई मले रोज आठवण देते. चुकलं त चुकलं. त्या रात्री मी झोपली तरी. आधी गाय गोठ्यात अन् मी जागी, असं होतं.

आता कालचं सांगते, त्याच्यासाठीच पाकीट काढलं.

रामाजी भासरे आले. तुझे मोठे काका. तुले ठाऊक आहे, भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बाईनं तोंड उघडाचं नाई, लगन झालं तवापासून पस्तीस वर्सं मी त्याइच्याशी बोलली नाई. त्याइले काही सांगाचं असलं त मधात कोणीतरी पाह्यजे. काल मधात गुणाबाई होती. ते ओसरीवर, मी दाराआड, गुणाबाई उंबरठ्यावर.

"गुनाबाई," भासरे म्हणाले, "हिले सांगा, घरात कोनाले घेतलं ते गावानं पाह्यलं हाय."

गुणाबाई माझ्याकडे वळली, जसं मी दूर आरमोरीले आहे. "मनकर्णाबाई, भाऊ म्हनतेत, घरात कोनाले घेतलं ते गावानं पाह्यलं हाय."

"त्याइले सांग, मी बी पाह्यलं. माही नात होती."

"भाऊ, ते म्हनते, नात होती."

"हिले सांगा, दिवाळीनंतर जातीचे पंच बसतीन. पंच काय म्हनतेत ते पाहू. तवर चिठ्ठी नाई, येनंजानं नाई. आयकलं नाई त गावातलं एक मानूस हिच्या बांधीत धान कापाले उतरनार नाई. हिले सांगा, घाई काऊन करतं? जरा थांब, पाहू म्हन, जसं नेहमी म्हनतं."

रंभे, त्याइचं बोलणं काही रागाचं नव्हतं. समजुतीचं होतं. म्हणूनच मले भ्या वाटलं. बांधीतला हलका धान पिकून वाकला आहे. आठ दिवस उभा राह्यला त दाणे मातीत गळतीन, अन् तेवढाच माझा वर्साचा भात आहे, उशिराचा भारी धान अजून पोटरीत आहे, त्याचा भरवसा नाई. अन् तो धान वाचवाले मले एवढंच म्हणाचं होतं, पाहू. ते त मले झोपेतही म्हणता येते.

आत आंधण ठेवलेलं होतं. झाकण थडथड वाजाले लागलं.

मी पदर डोक्यावरून ओढला अन् दाराआडून बाहेर आली. "भाऊ," मी म्हणलं, "धान मंगळवारी कापतो. अन् पोरी मंडईले येतीन."

गुणाबाई उंबरठ्यावरून उठलीच. भासरे इतके गडबडले की तिलेच इचारतेत, "काय म्हनते हे?"

"तुमाले आयकू आलं ना भाऊ," गुणाबाई म्हणे, "मले काऊन इचारता!"

भासरे उठले, धोतर झटकलं, अन् फाटकातून गेले. मी आत येऊन तांदूळ टाकले. अर्धे बाहेर सांडले.

दुपारीच मी नाल्यापलीकडच्या गोंडाच्या टोल्यावर, त्याइच्या वस्तीत गेली, बुधरीकडे. पस्तीस वर्सं त्या टोल्याच्या शेजारी राह्यली, पण कामाशिवाय तिथी पाय टाकला नव्हता. कामालेच गेली म्हणा कालही. बुधरीले सगळं सांगतलं, पंचांचंही, लपवलं नाई. ते सूप पाखडून राह्यली होती. म्हणे, "तुझी लेक आमच्यात नांदते. तुझा धान काऊन गळू देऊ? मंगळवारी ना? येतो." एवढंच. आंधण ठेवाचीही वेळ नाई आली.

येतीन का नाई ते मंगळवारी दिसेल. तवर मले झोप नाई, पण हे भ्याचं जागणं नाई, हे वेगळं आहे. तू काही लिही. शिव्या लिही.

तुझी माय

रविवार, २० ऑक्टोबर १९५७

रंभे,

तुझं कार्ड आलं. त्याच्यावर दोन शब्द. "माय, पाहू."

पोस्टमननं फाटकात उभं राहून मोठ्यानं वाचलं, त्याले वाटलं मले वाचता येत नाई. गुणाबाई होती, आणखी दोघीतिघी होत्या. आधी कोणी हसलं नाई. मग मीच हसली, म्हणून सगळ्या हसल्या. गुणाबाई म्हणे, "लेक कोनाची हाय!" मी कार्ड घेऊन आत आली अन् मग काही हसली नाई.

बरोबर आहे बाई. बारा वर्सं तू तो शब्द सांभाळून ठेवला अन् माझा मले परत दिला. मीच शिकवला होता.

आता मंगळवारचं सांगते, मग दुसरं सांगाचं आहे.

बुधरी नऊ बायका घेऊन आली. दिवस निंगाला तवा बांधीत विळे चालू होते. त्या गात होत्या, मले त्याइचं गाणं समजत नाई, पण मध्ये मध्ये तुझ्या नवऱ्याचं नाव आयकू ये अन् सगळ्या खिदळत. मी इचारलं त बुधरी म्हणे, "काई नाई, जावयाच्या सासूचं गानं हाय." मग मी नाई इचारलं.

दुपारी गुणाबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन बसली. "मी कापाले नाई आली. मी पाहाले आली." पण पदरात विळा होता. घडीभर पाह्यलं, मग म्हणे, "अव, अशी कापतेत का बुडखा ठेवून?" अन् उतरली बांधीत. तिच्या मागं तिची सून. सुनेच्या मागं आणखी दोघी. भासऱ्यायनं सांगतलं होतं गावातलं माणूस उतरणार नाई. गुणाबाई म्हणे, त्यायनं मानूस म्हनलं होतं, बायांचं नाव घेतलं नव्हतं.

सांजच्या आधी सारं कापून झालं. भारे बांधले. आता न्याचे कशात? माझी गाडी तुझे बाबा गेले तवापासून मोडून पडली आहे. मी म्हणलं, डोक्यावर नेऊ, दहा खेपा होतीन. तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज. भासऱ्यायची गाडी. स्वतः हाकून राह्यले होते. धुऱ्याजवळ थांबले. मी बोलू लागली त त्याइची पंचाईत, भावाच्या बायकोले काय उत्तर द्याचं, जलमभर दिलं नाई. ते धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाकडे तोंड करून म्हणाले, "गाडी कोनत्या अंगानं लावू, कोनी सांगन का?"

"उगवतीकडून लावा भाऊ," मी म्हणलं.

"उगवतीकडून," ते झाडाले म्हणाले, अन् लावली.

पंच दिवाळीनंतर बसणारच आहेत. भासरे त्याइच्यात बसतीन. काय बोलतीन मले ठाऊक नाई. बसू दे. धान घरात आहे.

आता ते दुसरं.

पहिल्या पाकिटात मी तुले खोटं लिहिलं. दोन गोष्टी खोट्या होत्या.

तुझे बाबा रागात नव्हते. तू दारात उभी होती तवा ते ओसरीवर बसले होते, अन् मले हळूच म्हणाले, "मनकर्णा, तू सांगशीन ते." साऱ्या जलमात एकदा कोणी मले असं म्हणलं. मी काय करावं? मी डबी घेऊन आत गेली.

अन् रंभे, एक दाणा उरला नव्हता. पहिल्याच वेळी जोडीनं संपले. हो आला होता. मी पाह्यलं अन् मले वाटलं, नीट मोजले नसतीन. पुन्हा मोजले. पुन्हा जोडीनं आले. तिसऱ्यांदा मोजत होती, तवा तुझ्या बांगड्यांचा आवाज फाटकाकडे गेला. मी आयकला. हातातले दाणे खाली ठेवून उठाचं होतं, पण मी मोजणं पुरं केलं. तिसऱ्यांदा काय आलं ते मी आजवर कोणाले सांगतलं नाई. तेही जोडीनंच आले.

तू थांबली नाई असं मी बारा वर्सं म्हणत आली. तू किती थांबशीन? निंगून गेली ते बरोबर केलं. मीही गेली असती, मले कोणी पाय दिले असते त.

एवढं लिहाले मले दोन दिवस लागले. आंधण तीनदा येऊन गेलं. याच्यासाठी तेवढं चालते.

दिवाळी परवावर आली. भिंती सारवल्या. नवं भगोणं आणलं, मोठं, चौघांचा भात शिजते त्याच्यात. गुणाबाई म्हणे, "अन् नाई आली त?" मी तिले सांगतलं ते तुलेही सांगते, म्हणजे तुले तिच्याकडून ऐकाचं काम नाई. मंडईले लालसू अन् सोमारी येतीन. तू त्याइच्या संगं आली त फाटकात थांबू नको, काही इचारू नको, सरळ चुलीपर्यंत ये. नाई आली त दुसऱ्या दिवशी शनिवारी ते दोघं परत जातीन तवा मोटारीत सोमारीच्या बाजूले मी बसीन. मले मोटारीत मळमळते, लिंबू घेतलं आहे. आलापल्लीले उतरून तुझ्या दारात उभी राहीन. तुले पाहाचं असलं त आत जाऊन पाह्य. मोजाचं असलं त मोज, तीनदा मोज. मी थांबीन. मी फाटकाकडे नाई जाणार.

लालसूनं दिलेलं हे तिसरं पाकीट. चौथं मी मागवलं नाई.

भिंती सारवल्या, पण चुलीजवळ एक हातभर जागा सोडली आहे. तिथी सोमारीनं निंगाच्या आधी कोळशानं लिहून ठेवलं, मोठ्या अक्षरात, आजीले विसर पडू नये म्हणून. मी रोज वाचते. शुक्रवार, एक नोव्हेंबर, दुपारची मोटार.

तुझी माय
मनकर्णा